केमोथेरपीतील स्नायुक्षय

कर्करोगावर केमोथेरपी चालू असताना हातापायांचे आणि धडाचे स्नायू आटत जाणे. घरची माणसे 'अंग उतरलं', 'पार खंगला' असे म्हणतात. कर्करोग स्वतःही स्नायू झिजवतो, त्या अवस्थेला वैद्यकात कॅकेक्सिया म्हणतात. औषधे त्यात भर घालतात. एखाद्या रुग्णात आजाराचा वाटा किती आणि औषधाचा किती, हे वेगळे काढणे सहसा जमत नाही.

बांगडी मनगटावरून कोपराकडे सरकू लागते, कानशिलाशी खळगा पडतो, गळ्याजवळची हाडे वर येतात. या दिसणाऱ्या खुणा. पण बरेचदा त्याआधीच खुर्चीतून उठताना हाताचा आधार लागू लागतो, उकिडवे बसले की उठता येत नाही, कुकरचे झाकण लावायला दुसऱ्याला हाक मारावी लागते. या गोष्टी रुग्ण डॉक्टरांना आपणहून सांगत नाही, कारण 'केमोत अशक्तपणा यायचाच' असे त्याने धरलेले असते.

वजनकाट्यावर विसंबून राहणे धोक्याचे. पायांवर सूज किंवा पोटात पाणी असले, तर वजन तेवढेच दिसते आणि आत स्नायू कमी झालेले असतात. स्तनाच्या कर्करोगात उपचारादरम्यान अनेक स्त्रियांचे वजन उलट वाढते, पण वाढते ती चरबी. म्हणून कंबरेच्या तिसऱ्या मणक्याच्या पातळीवरील सीटी स्कॅनमध्ये स्नायूंचे क्षेत्रफळ मोजतात. रोगासाठी काढलेल्याच स्कॅनवर हे मोजता येते. 2011 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने ठरवलेल्या निकषांनुसार सहा महिन्यांत, प्रयत्न न करता, 5 टक्क्यांहून अधिक वजन घटले तर कॅकेक्सिया मानतात. स्नायू आधीच कमी असतील तर 2 टक्क्यांहून अधिक घटही पुरते.

'नीट खात नाही म्हणून वाळला' हे अर्धेच खरे आहे, आणि ते ऐकून रुग्णाला अपराधी वाटते ते वेगळेच. स्नायूंमधील प्रथिनांवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवून ती मोडीत काढण्याची यंत्रणा पेशीत असते. या आजारात आणि उपचारात तिचा वेग वाढतो. डॉक्सोरुबिसिन हे केमोचे औषध स्नायुपेशींतील ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियांना इजा करते. सिस्प्लाटिन या दुसऱ्या केमो औषधामुळे जीडीएफ-15 हे प्रथिन वाढते, ते मेंदूच्या देठाशी असलेल्या ग्राहीला (रिसेप्टरला) चिकटते आणि अन्नावरची वासना जाते. मळमळ थांबवण्यासाठी दिलेले डेक्सामेथासोन हे स्टेरॉइडही जास्त दिवस घेतले तर मांड्या आणि खांदे दुबळे करते.

याचा फटका उपचारालाच बसतो. औषधाची मात्रा उंची आणि वजनावरून काढतात, स्नायूंवरून नाही. त्यामुळे कमी स्नायू असलेल्या माणसाला तेच औषध जास्त बाधते. मग मात्रा कमी होते, केमोची पुढची फेरी (सायकल) लांबते.

आहारात रोज दर किलो वजनामागे 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने सुचवतात, म्हणजे 50 किलोच्या माणसाला 50 ते 75 ग्रॅम. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे डॉक्टर ठरवतात. आपल्याकडे आजाऱ्याला प्रेमाने दिली जाणारी पेज, मऊ भात, नारळपाणी आणि फळांचा रस यांतून त्यातले फारच थोडे मिळते. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम, तेवढेच साधारण पेलाभर दुधात. 'पडून राहा, आराम कर' हा सल्लाही स्नायूंच्या मुळावर येतो. भिंतीला टेकून किंवा खुर्चीतून बसण्या-उठण्याचे हलके व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. हाडांत रोग पसरला असेल किंवा प्लेटलेट फार खाली गेले असतील, तर आधी विचारूनच.

औषधांत अजून ठोस यश कमी आहे. जपानने 2021 मध्ये अ‍ॅनामोरेलिन या भूक वाढवणाऱ्या औषधाला मंजुरी दिली. चाचण्यांत त्याने स्नायूंचे वजन वाढले, पण हाताची पकड सुधारली नाही. पुदुच्चेरीच्या जिपमर या वैद्यकीय संस्थेत जठर, यकृत-स्वादुपिंड-पित्तमार्ग आणि फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांना केमोसोबत रोज 2.5 मिलिग्रॅम ओलांझापिन हे मूळचे मानसिक आजारांवरचे औषध दिले गेले. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत 12 आठवड्यांनी 5 टक्क्यांहून अधिक वजन वाढलेले रुग्ण औषध घेणाऱ्यांत 60 टक्के होते, औषध नसलेली दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 9 टक्के. हे औषध जुने आणि स्वस्त आहे.