ल स्यूक्र आणि द्यू स्यूक्र: साखर तीच, उपपद वेगळं

साखरेला फ्रेंचमध्ये ‘स्यूक्र’ म्हणतात, एवढं पाठ करून स्वयंपाकघरात भागत नाही. कारण हा शब्द तिथे एकटा फारसा फिरकत नाही. कधी ‘ल स्यूक्र’, कधी ‘द्यू स्यूक्र’, तर कधी नुसता ‘द’ लावून येतो. आपण ‘मला साखर आवडते’ म्हणतो आणि ‘चहात साखर घाल’ही म्हणतो. दोन्हीकडे साखर जशीच्या तशी. त्यामुळे मराठी माणसाला फ्रेंच नामांचं लिंग जड जात नाही (आपल्याकडे तर तीन आहेत), पण हे उपपद, म्हणजे नामाआधी येणारा हा छोटा शब्द, मात्र वर्षानुवर्षं चकवतं.

आधी उच्चार. ‘द्यू’ म्हणताना जीभ ‘ई’च्या जागी ठेवायची आणि ओठ ‘ऊ’सारखे गोल करायचे. ओठ गोल झाले पण जीभ मागे गेली, की ‘दू’ होतं आणि तो वेगळाच शब्द आहे: सौम्य, गोडसर. ‘बर दू’ म्हणजे बिनमिठाचं लोणी, ‘द्यू बर’ म्हणजे थोडं लोणी. दुकानात ‘बर दू’च्या शेजारी ‘बर दमी-सेल’ असतं, त्यात मीठ अर्धा ते तीन टक्के. ब्रिटनी प्रांतात घरोघरी हेच. केकमध्ये चुकून ते पडलं तर केक खारट लागेल, पण ब्रेतोन माणूस त्याला चूक म्हणणार नाही.

आता मुख्य फरक. ‘ल’ म्हणजे एक तर ती वस्तू सरसकट, जिथे असेल तिथली सगळी. नाहीतर दोघांनाही ठाऊक असलेली, समोरची, ठरलेली. ‘द्यू’ म्हणजे तिच्यातली थोडी, न मोजलेली. ‘झेम ल ते’: मला चहा आवडतो, चहा ही चीजच आवडते. ‘झ प्राँ द्यू ते’: मी चहा घेतो, म्हणजे कपभर, जगातला सगळा चहा काही पिऊन टाकत नाही. स्त्रीलिंगी नामाला ‘ला’ आणि ‘द ला’ (पीठ: ला फारीन, द ला फारीन). स्वराने सुरू होणाऱ्या नामाला ‘ल्’ आणि ‘द ल्’ (पाणी: लो, द लो). अनेकवचनात ‘ले’ आणि ‘दे’. इथे एक गंमत: पालक आणि मसूर मराठीत एकवचनी, फ्रेंच ताटात मात्र अनेकवचनी, ‘दे-ज़ेपिनार’, ‘दे लाँतीय’. भात मात्र एकवचनीच, ‘द्यू री’.

वर्गात क्रियापदांची यादी देतात: आवडणं, नावडणं, जास्त पसंत असणं यांना ‘ल’; खाणं, पिणं, घालणं, विकत आणणं यांना ‘द्यू’. सुरुवातीला ती कामाला येते, पण तिच्यावर विसंबून राहिलं की जेवणाच्या टेबलावर फजिती होते. ‘त्यू व्हऽ द्यू सेल?’ म्हणजे मीठ हवंय का, थोडं. ‘पास म्वा ल सेल’ म्हणजे ते मीठ इकडे दे, टेबलावरची ती मिठदाणी. तसंच ‘त्यू आ मांझे द्यू फ्रोमाझ?’ हा साधा प्रश्न, चीज खाल्लंस का. पण ‘त्यू आ मांझे ल फ्रोमाझ?’ कानावर आलं तर समजावं की फ्रिजमधलं ते चीज संपलंय आणि संशय आपल्यावर आहे. दोन्हीकडे क्रियापद खाण्याचंच. ‘ल’ला बोलावलं ते ठरलेल्या चीजने.

पावाचं आणखी वेगळं. संध्याकाळी घरी येणाऱ्याला ‘त्यू आ प्री ल पँ?’ विचारतात, कारण पाव रोजचाच, घरचा ठरलेला. अचानक पाहुणे आले आणि जास्तीचा हवा असेल तर ‘द्यू पँ’.

तिसरा भिडू ‘अँ’, म्हणजे एक. ‘अँ पूले’ ही अख्खी कोंबडी, ‘द्यू पूले’ हे ताटातलं चिकन. ‘आंकोर द्यू गातो?’ असा आग्रह झाला आणि तुम्ही ‘अँ गातो’ मागितला, तर अख्खा केक मागितल्यासारखं होतं. कॅफेत मात्र ‘अँ काफे’ बरोबर, कारण तिथे एक म्हणजे एक कप. आपण टपरीवर ‘एक चहा’ म्हणतो ना, तसं.

हे सगळं एका भांड्यात पाहायचं तर ‘गातो ओ याउर्त’, दह्याचा केक, करावा. फ्रान्समध्ये लहान मुलं बहुधा हाच केक आधी शिकतात, कारण वजनकाटा लागत नाही. 125 ग्रॅम दह्याचा रिकामा डबा हेच माप. त्याला ‘पो’ म्हणतात. एक पो दही, दोन पो साखर, तीन पो मैदा, अर्धा पो तेल, तीन अंडी आणि बेकिंग पावडरची 11 ग्रॅमची एक पुडी. सामानाची यादी अशी दिसते: ‘दऽ पो द स्यूक्र’, ‘त्र्वा पो द फारीन’, ‘अँ दमी-पो द्युईल’. इथे ना ल, ना द्यू. माप आलं की उपपद गळतं आणि नुसता ‘द’ उरतो. पो, ग्रॅम, चमचा, पेला, ‘थोडं’, ‘खूप’, सगळ्यांना हाच नियम. मराठी माणसाची सर्वात जास्त होणारी चूक इथलीच: ‘दऽ पो द्यू स्यूक्र’.

कृती सुरू झाली की तीच साखर ‘ल स्यूक्र’ होते: ‘आझुते ल स्यूक्र’, साखर घाला. आता ती ठरलेली आहे, यादीत मोजून ठेवलेली. आणि शेजारून कुणी विचारलं की यात काय काय घालता, तर उत्तर ‘द्यू स्यूक्र, द ला फारीन, दे-ज़ऽ’. (अंडं ‘अफ’, पण अनेकवचनात शेवटचा ‘फ’ गायब होतो आणि ‘अऽ’ उरतं.)

दही आणि साखर एकजीव करावी, मग अंडी, मग मैदा आणि बेकिंग पावडर, शेवटी तेल. मैदा पडल्यावर फार घोटू नये, केक चिवट होतो. 180 अंशांवर 30 ते 35 मिनिटं. जुन्या फ्रेंच ओव्हनवर हा आकडा ‘थर्मोस्टा सीस’, म्हणजे 6, असा असतो. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. घरच्या 400 ग्रॅमच्या दह्याच्या डब्याने मापलं तर साखर-मैदा तिपटीहून वाढतो, अंडी मात्र तीनच राहतात आणि हाती दगड येतो. दुसरा घोटाळा पुडीचा. ‘लव्यूर शिमीक’ म्हणजे बेकिंग पावडर, ‘लव्यूर द बुलाँझे’ म्हणजे पावाचं यीस्ट. नुसतं ‘लव्यूर’ वाचून यीस्ट घातलं तर ते फुगायला लागणारा वेळच या केकमध्ये नसतो, केक बसका होतो.

नकार आला की पुन्हा दोघांच्या वाटा फुटतात. ‘द्यू’चा ‘द’ होतो: ‘झ न मे पा द स्यूक्र’, मी साखर घालत नाही. ‘ल’ हलत नाही: ‘झ नेम पा ल स्यूक्र’, मला साखर आवडत नाही. फक्त ‘हे ते नव्हे’ सांगताना ‘द्यू’ टिकतो: ‘स ने पा द्यू स्यूक्र, से द्यू सेल’, ही साखर नाही, मीठ आहे. केक भट्टीत जाण्याआधी कुणीतरी हे वाक्य म्हणालं तर बरं. ‘शिवाय’ला काहीच लागत नाही, ‘साँ स्यूक्र’. ‘झे बज़्वँ द स्यूक्र’, मला साखर लागतेय, इथेही ‘द्यू’ नाही. त्या क्रियापदाचा स्वतःचा ‘द’ त्याला गिळतो. आणि ‘ल प्री द्यू पँ’, पावाची किंमत, यातला ‘द्यू’ फसवा आहे. तो ‘थोडा’ नव्हे, आपला ‘चा-ची-चे’ आहे.

आपण नेमकं काय बोललो हे तपासायचा खरा मार्ग म्हणजे सर्वनाम. ‘द्यू’च्या जागी ‘आँ’ येतं, ‘ल’च्या जागी ‘ल’. ‘त्यू आ मी द्यू सेल?’ला उत्तर ‘वी, झाँने मी’, हो, घातलंय थोडं. ‘त्यू आ मी ल सेल?’ला उत्तर ‘वी, झ ले मी’, हो, ते घातलं. आमटीसारखं काही शिजत असताना हा दुसरा प्रश्न आला, तर विचारणाऱ्याच्या डोक्यात कृतीतलं, मोजून काढलेलं मीठ आहे. पहिल्यात फक्त चव. घरात दोघं शिकत असतील तर डब्यांवर नुसतं नाव न लिहिता ‘ल स्यूक्र’, ‘ला फारीन’ अशा चिठ्ठ्या लावाव्यात. डबा बंद असेपर्यंत चिठ्ठीवरचं वाचायचं, आणि चमचा आत गेला की तोंडाने ‘द्यू स्यूक्र’, ‘द ला फारीन’ म्हणायचं.