कोकणात शॉर्टफिल्म करायचीय? कॅमेरा बुक करायच्या आधी हे वाचा

फोनवर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दादा, बारा मिनिटांची शॉर्टफिल्म आहे, गुहागर साइडला करायचीय, किती बजेट लागेल?" आणि आम्ही उलट विचारतो की शूट किती दिवस, कुठल्या महिन्यात आणि माणसं किती, कारण खर्च मिनिटांवर ठरतच नाही. पडवीत बसून दोघं बोलतायत अशी पंचवीस मिनिटांची फिल्म स्वस्तात होते आणि होडी, पाऊस, रात्रीचं देऊळ असली पाच मिनिटांची फिल्म घाम काढते. ऑस्करवाले क्रेडिट धरून ४० मिनिटांपर्यंतच्या फिल्मला शॉर्ट म्हणतात, पण म्हणून चाळीस मिनिटं भरलीच पाहिजेत असं काही नाही.

आम्ही लोकेशन, परवानग्या, राहणं-जेवण, होड्या, गाड्या आणि गावातली माणसं बघतो. डायरेक्शन आणि कॅमेरा तुमचा. त्यामुळे खालचं सगळं आमच्या बाजूने लिहिलंय, पण पैशाचं मात्र तुमच्या भल्याचं आहे.

शूटचे पैसे जमले म्हणजे फिल्मचे पैसे जमले नाहीत

सगळ्यात जास्त फिल्म अडकतात त्या इथे. शूट जोरात होतं, शेवटच्या दिवशी सगळ्यांचे ग्रुप फोटो, आणि मग फिल्म हार्ड डिस्कवर पडून राहते कारण एडिट, साउंड, कलर, सबटायटल, पोस्टर, फेस्टिव्हलच्या एन्ट्री फी, यातल्या कशालाच पैसे उरलेले नसतात आणि एडिटर मित्र असला तरी किती दिवस फुकट बसणार.

समजा तुमच्याकडे सगळे मिळून ३ लाख आहेत (हा रेट नाही, नुसतं उदाहरण). त्यातला चौथा हिस्सा म्हणजे ७५,००० पोस्टसाठी (शूटनंतरच्या एडिट-साउंडच्या कामांसाठी) वेगळ्या खात्यात टाका आणि कार्ड घरी ठेवून या. १० टक्के म्हणजे ३०,००० अडीअडचणीला. राहिले १,९५,०००. आता १६ माणसं, ३ दिवस शूट, १ दिवस येण्याजाण्यात, म्हणजे ४ दिवस धरू. चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण माणशी ५०० धरलं तर ३२,०००, आणि १,५०० वाल्या ६ खोल्या ४ रात्री म्हणजे ३६,०००. झाले ६८,०००, अजून कॅमेरा बॅगेतून बाहेर निघालेला नाही. कॅमेरा, लाइट, कलाकार, गाड्या, सामान या सगळ्याला १,२७,००० उरतात आणि शूट एक दिवस लांबलं तर नुसत्या खाण्या-राहण्याचे १७,००० वाढतात. म्हणून महागडी लेन्स घ्यायची की साउंडला वेगळा माणूस आणायचा असा प्रश्न आला तर आमचं मत विचाराल तर लेन्स सोडा आणि साउंडवाला चांगला आणा. समुद्राची गाज प्रत्येक टेकमध्ये वेगळी असते, कट लावला की लगेच कळतं. प्रत्येक लोकेशनला सगळ्यांना गप्प बसवून एक मिनिट नुसता आवाज रेकॉर्ड करा, फुकट आहे आणि एडिटला सोन्यासारखा उपयोगी पडतो.

स्क्रिप्टचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट. दिवसाला तीन-चार पानं झाली तर चांगला वेग समजा, त्यात होडी असेल तर दोनच धरा.

तारखा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यात बरं, फक्त नाताळ ते थर्टी फर्स्ट सोडून, कारण तेव्हा खोल्यांचे भाव ऐकून तुम्हीच परत जाल. गणपतीत आणि शिमग्यात काम होत नाही, घरं चाकरमान्यांनी भरलेली असतात, पालखी दारात आलेली असताना तुमचा स्पॉटदादा आणि ड्रायव्हर दोघंही पालखीखाली असतील आणि त्यांना बोलवायला आम्ही जाणार नाही. एप्रिल-मे आंब्याचा, बागेत पेट्या भरायची घाई, तिथे ट्रॅक अँड ट्रॉली (कॅमेरा सरकवायचे रूळ आणि गाडी) पसरायला कोणी देत नाही. दशावतारातले कलाकार हवे असतील तर तुळशीच्या लग्नानंतर जत्रा सुरू होतात आणि त्यांच्या रात्री बुक असतात, रात्रभर खेळ करून सकाळी सातला तुमच्या सेटवर फ्रेश उभं राहणं कोणालाच जमत नाही, तेव्हा आधी मंडळाच्या मालकाशी बोलून तारीख घ्यायची.

पावसाळी फिल्मवाले दरवर्षी येतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, त्यामुळे पाऊसही हवा आणि समुद्रात होडीही हवी हे जमणार नाही, खाडीत काहीतरी बघता येईल. बरेच जण नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय होडी काढत नाहीत. आणि खरा पाऊस मागून लाइट नसेल तर कॅमेऱ्यात दिसतच नाही, नुसते भिजलेले कलाकार दिसतात, त्यामुळे धो धो पडतोय तरी लाइटचा खर्च आहेच.

भरती-ओहोटी

हा भाग दिग्दर्शक वाचत नाहीत, असिस्टंटने तरी वाचावा. इथल्या जुन्या खलाशांचा हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि पुढे साधारण सहा तासांनी ओहोटी. मिनिटांचा हिशोब हवा तर भरतीचं कोष्टक बघायचंच, पण कॅलेंडर हातात घेऊन तारखा ठरवायला एवढं पुरतं. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. म्हणजे सूर्यास्ताचा वाइड शॉट ओहोटीला घेतला, ओली वाळू लांबपर्यंत चमकतेय, सगळे खूश, आणि क्लोजअप राहिले म्हणून आठवड्याने परत आलात तर त्याच वेळेला भरतीचं पाणी वर आलेलं असणार. सूर्यास्ताला मोठी ओहोटी हवी तर पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासचे दिवस धरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी खाली, आणि उधाणाचे दिवस असल्याने लांबपर्यंत खाली. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य सहाच्या सुमारास बुडतो, मे अखेरीस सातनंतर. समुद्रातून उगवणारा सूर्य मात्र मागू नका, आपला समुद्र पश्चिमेला आहे (मागणारे भेटलेत).

परवानग्या

सिंधुदुर्ग, विजयदुर्ग हे केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे आधी अर्ज, फी आणि डिपॉझिट, मोबाइलवर शूट करतोय म्हणून चालत नाही. जेट्टी असेल तर मेरिटाइम बोर्ड, बाकी ग्रामपंचायतीचं पत्र आणि पोलीस स्टेशनला लेखी कळवणं. ड्रोन २५० ग्रॅमपेक्षा जड असेल तर डीजीसीएकडे (केंद्राचं विमान वाहतूक खातं) नोंदणी आणि नंबर लागतो, आणि झोन (तिथे उडवायला मुभा आहे की नाही) बघितल्याशिवाय आम्ही उडवू देत नाही. बैलजोडी, कुत्रा, कोंबडा, कुठलाही प्राणी अभिनय करणार असेल तर ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या परवानगीचं आधी बघा, नंतर सेन्सॉरला जायची वेळ आली की तोच कागद मागतात. लहान मुलं असतील तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग ३ तासांनंतर विश्रांती, हे शेड्यूलमध्ये पहिल्यापासून धरायचं.

देवळाचं वेगळं. ट्रस्टी हो म्हणाले तरी मानकऱ्यांना विचारावं लागतं, आणि काही गावांत गुरव देवाला कौल लावतो, मूर्तीला लावलेल्या कळ्या उजव्या बाजूला पडल्या तर शूट, नाहीतर नाही. यात आमचं काही चालत नाही, दुसरं लोकेशन तयार ठेवा.

आणि जुनं कौलारू घर. सगळ्यांना तेच हवं असतं, आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच. घर एकाचं दिसतं पण उताऱ्यावर नावं सात, त्यातले चार चुलत भाऊ मुंबईला, इथल्या काकांनी "करा हो, तुमचंच घर" म्हटलं आणि शूटच्या दुसऱ्या दिवशी डोंबिवलीहून फोन येतो की आम्हाला कोणी विचारलं. म्हणून आम्ही सगळ्या हिस्सेदारांची सहीची पत्रं व्हॉट्सॲपवर का होईना पण आधी घेतो, आणि एक जरी राहिला तरी लाइटचा टेम्पो गावात आणत नाही.

पैसे आणायचे कुठून

मराठी चित्रपटांचं जे सरकारी अनुदान ऐकता ते मोठ्या चित्रपटांसाठी आहे आणि चित्रपट पूर्ण झाल्यावर परीक्षण होऊन मिळतं, त्याच्या भरवशावर शॉर्टफिल्म सुरू करू नका. इथे जे चालतं ते म्हणजे वस्तूरूपाने मदत. काजू फॅक्टरीवाले, होमस्टेवाले, होडीवाले रोख देणार नाहीत पण चार खोल्या, एक दिवस होडी, दोन वेळचं जेवण आनंदाने देतात, ते बजेटमध्ये पैशाच्या आकड्यात लिहा आणि बदल्यात काय देणार (क्रेडिटमध्ये नाव, बोर्ड दिसेल असा शॉट) ते पत्रात लिहा. गोष्ट गावाची असेल तर गावाच्या मुंबई मंडळाकडे जा, पण सभेत स्क्रिप्ट वाचून दाखवायची तयारी ठेवा आणि सूचना येतीलच, "त्यात आमच्या वाडीचा रस्ता पण दाखवा".

मित्रांकडून पैसे घेताना ते भेट की उसने की गुंतवणूक हे लिहून घ्या. विशेष म्हणजे आपल्या कॉपीराइट कायद्यात फिल्मचा मालक निर्माता धरतात, त्यामुळे ५०,००० देणाऱ्या मावसभावाला प्रेमाने "निर्माता" असं क्रेडिट देऊन टाकलंत आणि करार नसेल तर उद्या फेस्टिव्हलला किंवा ओटीटीला देताना त्याची सही लागू शकते. सहयोग, आभार, असोसिएट, शब्द भरपूर आहेत. गाण्याचंही तसंच, तुकारामांचा अभंग कोणीही वापरावा पण कुठल्या गायकाचं रेकॉर्डिंग उचलायचं नाही, ते रेकॉर्डिंग प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं हक्कात असतं. गावातल्या भजनी मंडळाला गायला सांगा, मानधन द्या, सही घ्या.

आमच्याकडे येताना

स्क्रिप्ट, माणसांचा आकडा आणि दोन पर्यायी तारखा पाठवा, बजेट किती आहे ते खरं सांगा, कमी असेल तर कमी सांगा, त्यात काय बसतं ते आम्ही सांगतो. लोकेशन दाखवायला फक्त गाडीचं डिझेल आणि जेवण. काम पक्कं झालं की निम्मे पैसे आधी, उरलेले शूटच्या शेवटच्या दिवशी पॅकअपच्या आधी. वादळाच्या इशाऱ्यामुळे शूट रद्द झालं तर आमचं मानधन पुढच्या तारखेला वळतं, पण खोल्यांचं आणि होडीचं भाडं ज्याचं त्याला द्यावं लागतं, ते तुमच्या अडीअडचणीला ठेवलेल्या पैशातून.