खान्देशातून एकट्याने युरोपला: शेंगेन व्हिसाचा अर्ज कुठे अडकतो

एका शेंगेन व्हिसावर युरोपातले २९ देश फिरता येतात. तरीही आपल्याकडचे कितीतरी अर्ज नाकारले जातात. माणूस पात्र असतो, ऐपतही असते. फक्त कागदांवरून ते दिसत नाही.

साध्या गोष्टी आधी. पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला, परतीनंतर किमान ३ महिने चालणारा आणि २ कोरी पानं असलेला हवा. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा, सगळ्या शेंगेन देशांना लागू होणारा. फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. व्हिसा नाकारला तरी फी बुडते. पहिल्या अर्जाला बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावंच लागतं, म्हणजे मुंबई किंवा पुण्याची फेरी आली. एजंट फॉर्म भरून देईल, ठसे तुमचेच लागतात.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, इथे पहिली चूक होते. जिथे जास्त दिवस राहणार त्या देशाकडे. पॅरिसला ४ दिवस, स्वित्झर्लंडला ५ आणि इटलीत ३ असतील, तर विमान पॅरिसला उतरत असलं तरी अर्ज स्वित्झर्लंडकडे जातो. दिवस सारखे असतील तरच पहिला प्रवेश जिथे, तो देश. ‘अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळते’ म्हणून खोटं वेळापत्रक बनवू नका. हॉटेलच्या बुकिंगवरून ते लगेच उघडं पडतं.

तारखांचंही तसंच. अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. लोक हा शेवटचा आकडा लक्षात ठेवतात आणि महिनाभर आधी जागे होतात. निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात खरे, पण तो ४५ दिवसांपर्यंत लांबू शकतो. शिवाय अपॉइंटमेंट मिळेपर्यंतचा काळ यात धरलेला नाही. मे महिन्यात जायचं असेल तर डिसेंबरातच कागद जमवायला घ्या.

आता पैशाचा मुद्दा, आपल्या भागातला सगळ्यात अवघड. नोकरदाराकडे पगाराची स्लिप, रजेचं पत्र, आयटीआर (आयकर रिटर्न) असतो. रावेर-यावलच्या केळीवाल्याकडे किंवा शिरपूरच्या कापूसवाल्याकडे यातलं काहीच नसतं. पैसा वर्षातून दोन-चारदा एकदम येतो. मग होतं काय, खात्यात सहा महिने पंधरा-वीस हजार, आणि अर्जाच्या आठ दिवस आधी चार लाख रोख भरलेले. तपासणाऱ्याला ते उसने पैसे वाटतात. त्याला केळीचा हंगाम कसा कळणार? तो आपणच कागदावर दाखवायचा.

त्यासाठी माल विकल्याची रक्कम रोख न घेता खात्यात घ्या आणि तिथेच राहू द्या. प्रत्येक मोठ्या जमेसोबत व्यापाऱ्याची पट्टी किंवा बाजार समितीची पावती जोडा, तारीख आणि रक्कम जुळली पाहिजे. सातबारा आणि आठ अ उतारा द्या, पण इंग्रजी भाषांतरासह. नुसता मराठी उतारा तिथे कुणी वाचत नाही. बँक स्टेटमेंटवर शाखेचा शिक्का आणि सही घ्या. बँकेतले ‘ऑनलाइनच काढा’ म्हणून परत पाठवतात, तरी सोडू नका.

शेती उत्पन्न करमुक्त आहे म्हणून आयटीआर भरायचाच नाही, हा समज इथे नडतो. कर शून्य असला तरी रिटर्न भरता येतं. शेती उत्पन्न ५,००० रुपयांच्या वर असेल तर आयटीआर-१ हा फॉर्म चालत नाही, तेवढं सीएला विचारून घ्या. वडिलांच्या पैशावर जात असाल तर त्यांचं खर्च उचलण्याचं पत्र, त्यांचं स्टेटमेंट आणि नात्याचा पुरावा लागतो. पासपोर्ट, पॅन आणि सातबारा यांवर नावाचं स्पेलिंग वेगळं असेल तर प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

एकट्याने जाणाऱ्यांकडे, त्यातही अविवाहित तरुण-तरुणींकडे, ‘परत येईल का?’ याच नजरेने पाहिलं जातं. हे बोचतं, पण चिडून उपयोग नाही. अर्जासोबतच्या पत्रात कुठल्या रात्री कुठे मुक्काम, एका शहरातून दुसरीकडे कसे जाणार आणि परत कशासाठी यायचं आहे, हे सरळ लिहा: नोकरी, परीक्षा, घरची शेती, जे खरं असेल ते. एकही रात्र मोकळी सोडू नका. एजंटने दिलेली खोटी बुकिंगं तर अजिबात लावू नका.

मधे लंडनला जाऊन परत युरोपात शिरणार असाल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, आयर्लंडही नाही. आणि शेंगेनचा अर्ज करतानाच एकापेक्षा जास्त प्रवेश मागा. पासपोर्ट हातात आला की त्यातलं व्हिसाचं स्टिकर नीट वाचा. प्रवेशांच्या रकान्यात ०१ असेल तर एकदा बाहेर पडल्यावर परत आत जाता येत नाही. वैधतेच्या तारखा आणि राहण्याचे दिवस हेही दोन वेगळे रकाने आहेत: तारखा महिनाभराच्या दिसल्या आणि दिवस १५ लिहिले असतील, तर १५ दिवसच राहायचं.