डबक्याचे आयुष्य आणि अंड्यांचा हिशेब

नाशिक जिल्ह्यात पावसाची वाटणी फार विषम आहे. पश्चिमेला इगतपुरीत वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर असलेल्या येवल्यात त्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाच. पिकांच्या संदर्भात हा फरक सर्वांना ठाऊक आहे. बेडकांच्या संदर्भात मात्र तो मिलिमीटरमध्ये नव्हे, तर दिवसांत मोजावा लागतो. अंजनेरीच्या पठारावर कातळातल्या खळग्यांत संततधारेमुळे आठवडेच्या आठवडे पाणी राहते, उलट सिन्नरकडच्या माळावर दहा-बारा दिवसांची उघडीप पडली की रस्त्याकडेचे डबके तळाला भेगा दाखवू लागते. अंड्यातून बेडूकमासा, म्हणजेच भैकेर, बाहेर पडून त्याला पाय फुटेपर्यंतचा सारा प्रवास डबक्याच्या या मुदतीत उरकावा लागतो. मुदत आधी कळण्याची सोय नसताना मादीने अंडी किती घालावीत, केवढी घालावीत आणि कुठे घालावीत, हा प्रश्न आपले संशोधन-आयुष्य व्यापेल इतका मोठा आहे, हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मार्टी क्रम्प यांच्या कामावरून दिसते.

क्रम्प 1968 मध्ये विद्यार्थिनी असताना प्रथम इक्वाडोरच्या वर्षावनात गेल्या. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातील सांता सिसिलिया या लहानशा ठिकाणी बेडकांच्या 80 हून अधिक जाती एकत्र नांदत होत्या. इतक्या जाती एकाच परिसरात कशा सामावतात, याचे उत्तर त्यांनी आहारात न शोधता प्रजननात शोधले. कोणती जाती वर्षभर अंडी घालते आणि कोणती फक्त मोठ्या पावसानंतर, कोणाची अंडी पाण्यात असतात, कोणाची पाण्यावर झुकलेल्या पानांवर, कोणाची पालापाचोळ्यात, एका खेपेला अंडी किती आणि त्यांचा व्यास किती, याची जातवार नोंद करून त्यांनी 1974 मध्ये प्रबंध प्रसिद्ध केला. काम कंटाळवाणे वाटावे असेच होते. परंतु त्या परिसरातले जंगल तेलासाठी काढलेल्या रस्त्यांमागून आलेल्या वस्तीने पुढे बरेचसे तोडले गेले, आणि त्या नोंदी आता दुसऱ्यांदा करता येण्यासारख्या राहिलेल्या नाहीत.

त्यातून पुढचा प्रश्न निघाला. अंड्यात भरायचा बलक मर्यादित असतो. अंडी मोठी केली तर संख्या घटते, संख्या वाढवली तर प्रत्येक पिल्लाच्या वाट्याला कमी शिदोरी येते. पाणी भरवशाचे असेल तिथे मादीला कोणता तरी एक आकार किफायतशीर ठरेल. पण डबके कधी आटेल याचा नेम नसेल तिथे काय? क्रम्प यांनी 1981 मध्ये मांडलेली कल्पना अशी की, अशा ठिकाणी एकाच मादीच्या अंड्यांचे आकार कमी-अधिक असणे हेच फायद्याचे असते, कारण हंगाम कसाही निघाला तरी त्यातली काही पिल्ले त्याला जुळणारी निघतात. मला त्यांच्या सर्व कामात ही कल्पना सर्वांत मोलाची वाटते. सरासरी काढताना आपण ज्या फरकाला चूक समजून बाजूला सारतो, तोच त्यांनी अभ्यासाचा विषय केला.

कोस्टा रिकातील मोंतेव्हेर्दे येथील एका वृक्षबेडकावर त्यांनी हाच धागा पुढे नेला. त्या जातीचे मोठे बेडूकमासे तात्पुरत्या डबक्यांत स्वतःच्याच जातीची अंडी आणि नुकती फुटलेली पिल्ले खातात, आणि असे खाणे मिळालेले बेडूकमासे अधिक मोठ्या आकाराने रूपांतरण पूर्ण करतात, असे त्यांच्या प्रयोगांत दिसले. हे वाचून दचकण्याचे कारण नाही. आपल्याकडे पहिल्या जोरदार पावसानंतर पिवळाधमक होऊन ओरडणारा बुलफ्रॉग सर्वांनी पाहिलेला असतो. त्याचे बेडूकमासेही मांसाहारी असून इतर जातींच्या पिल्लांबरोबर स्वजातीयांवरही ताव मारतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात श्रीनिवास सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा भारतीय बेडूकमाशांवर दीर्घकाळ काम केले. जमिनीत बीळ करून राहणाऱ्या एका भारतीय बेडकाच्या पिल्लांना पाणी कमी-कमी होत जाणाऱ्या टाक्यांत वाढवले असता त्यांचे रूपांतरण लवकर होते, हे त्यांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केले. पाणी घटत असल्याची खूण पिल्लाला कळते आणि त्याच्या शरीरातील संप्रेरके त्यानुसार वाढीचा वेग बदलतात. घाईने बाहेर पडलेला बेडूक सहसा लहान असतो, आणि लहान बेडकाला जमिनीवर टिकणे कठीण जाते. म्हणजे ही सुटकाही फुकटची नाही.

मोंतेव्हेर्दे हेच सोनेरी भेकाचे, म्हणजे ‘गोल्डन टोड’चे, गाव. नर झगझगीत नारिंगी, जेमतेम पाच सेंटिमीटरचा; मादी काळपट, अंगावर लाल ठिपके असलेली. डोंगरमाथ्यावरच्या काही चौरस किलोमीटरांपलीकडे हा प्राणी जगात कुठेही नव्हता, आणि तोही वर्षातले थोडेच दिवस झाडांच्या मुळांमधल्या डबक्यांवर दिसे. 1987 च्या हंगामात तिथे 1500 हून अधिक भेक जमल्याची नोंद आहे. डबकी मात्र पुरेशा पावसाअभावी आटली. क्रम्प यांनी दहा डबक्यांत मिळून 43,500 अंडी मोजली होती. त्यांतली 29 पिल्लेच आठवड्यापेक्षा जास्त जगली. पुढच्या वर्षी त्या जागी एकच भेक आला, काही किलोमीटरवर आणखी मोजके आढळले. 1989 मध्ये एकटा नर दिसला, आणि त्यानंतर कोणीही नाही. 2004 मध्ये ही जाती नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

कारणावर आजही एकमत नाही. क्रम्प आणि जीवशास्त्रज्ञ अ‍ॅलन पाउंड्स यांनी 1994 मध्ये 1986-87 च्या एल निनोशी जोडलेल्या उष्ण, कोरड्या काळाकडे बोट दाखवले. पुढे 1999 मध्ये वर्णन झालेल्या, उभयचरांच्या त्वचेवर वाढणाऱ्या कायट्रिड बुरशीचे नाव त्यात आले, आणि 2010 मधल्या एका अभ्यासाने वाढत्या तापमानापेक्षा त्या एका एल निनोच्या कोरड्या हंगामालाच अधिक जबाबदार धरले. मला वाटते, वादात कोणाची बाजू घ्यावी यापेक्षा तो वाद शक्य कशामुळे झाला हे पाहणे अधिक उद्बोधक आहे: अंडी मोजून, तारखा लिहून ठेवलेल्या होत्या म्हणून.

सह्याद्रीत असे काम करण्यास वाव भरपूर आहे. सातारा जिल्ह्यातील हुंबर्लीत ओढ्यावरच्या पानांवर बसणाऱ्या बॉम्बे नाइट फ्रॉगचे मीलन पाहूनच संशोधकांनी 2016 मध्ये मिठीचा पूर्वी अज्ञात असलेला प्रकार वर्णिला होता. नाशिककडे तर पावसाची उतरंड आयती आहे. त्र्यंबकच्या भातखाचरात आणि सिन्नरच्या माळावरच्या डबक्यात एकाच जातीच्या मादीच्या अंड्यांच्या आकारातला फरक सारखाच असतो का, हा क्रम्प यांचा प्रश्न इथे एका हंगामात तपासायला घेता येईल. मोजपट्टी, हातभिंग, डबक्याची खोली आणि पाणी आटल्याची तारीख एवढ्या नोंदींवर सुरुवात होते. अंडी उचलून आणावी लागत नाहीत, आहे त्या जागी फोटो काढून मोजता येतात. कायट्रिड बुरशी पश्चिम घाटातही आढळली आहे, म्हणून एका तालुक्यातल्या डबक्यातून दुसऱ्या तालुक्यातल्या डबक्याकडे जाण्यापूर्वी बुटांना लागलेला चिखल धुऊन ते उन्हात खडखडीत वाळवावेत, कारण तिचे बीजाणू पाण्यातून आणि ओल्या मातीतून प्रवास करतात, कोरड्यात टिकत नाहीत.