लाडली बहना आणि लाडकी बहीण: माहेर एक, दप्तरे दोन

इंदूरच्या मराठी घरांतून सध्या एक गल्लत हमखास होते. टीव्हीवर मराठी बातम्या चालू असतात, 'लाडकी बहीण'चा हप्ता लांबल्याचे निवेदिका सांगते आणि स्वयंपाकघरातून काळजीचा प्रश्न येतो, "म्हणजे आपली किस्त पण अडकली का?" बातमीतला हप्ता महाराष्ट्राचा असतो आणि 'आपली किस्त' मध्य प्रदेशाच्या 'लाडली बहना'ची; दोन्ही योजना बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या, पण वेगवेगळ्या राज्यांच्या. त्यामुळे एकीकडच्या उशिराचा दुसरीकडे काहीही परिणाम होत नाही.

हा प्रश्न विचारणाऱ्या, आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या मावशी मूळच्या बुऱ्हाणपूरच्या. लग्नानंतर त्या इंदूरला आल्या आणि त्यांची धाकटी बहीण बुऱ्हाणपुराहून जवळच, पण राज्याची हद्द ओलांडून, महाराष्ट्रातल्या रावेरला दिली. दोघींची परिस्थिती बेताचीच, आणि दोघींच्या खात्यात आज महिन्याला १५०० रुपयेच जमा होतात. मात्र मावशी तिथवर टप्प्याटप्प्याने पोहोचल्या. मध्य प्रदेशाने १० जून २०२३ रोजी १००० रुपयांची पहिली किस्त दिली, त्याच वर्षी ऑक्टोबरपासून १२५० आणि नोव्हेंबर २०२५ पासून १५०० केले. महाराष्ट्राने जून २०२४ मध्ये योजना जाहीर केली तीच १५०० रुपयांची. हा हप्ता २१०० रुपये करण्याचे आश्वासन त्या वर्षीच्या विधानसभा निवडणुकीतले आहे.

रकमेची तुलना सगळेच करतात. माझ्या मते या दोन योजनांमधला खरा फरक रकमेत नसून, बाईने स्वतःबद्दल काय आणि कोणत्या कागदाने सिद्ध करायचे, यात आहे.

मध्य प्रदेशात सगळे 'समग्र'वर, म्हणजे राज्याच्या कुटुंब-नोंदणीवर, उभे आहे. प्रत्येक कुटुंबाला आठ आकडी आणि त्यातल्या प्रत्येक माणसाला नऊ आकडी क्रमांक असतो. मावशींनी आपला क्रमांक पासबुकाच्या आतल्या पानावर बॉलपेनने दोनदा गिरवून ठेवला आहे. वॉर्डातल्या शिबिरात समग्र, आधार आणि मोबाइल एवढ्यावर त्यांचा अर्ज भरला गेला, फोटोही तिथेच काढला. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत आहे यासाठी दाखला मागितला नाही, स्वघोषणा पुरली. अडचण आली ती पुढे. पहिली किस्त आली नाही असे समजून त्या महिनाभर हळहळत होत्या, आणि पैसे निघाले एका जुन्या, जवळजवळ विसरलेल्या खात्यात. डीबीटीची, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारी, रक्कम आधारशी शेवटी ज्या खात्याची जोडणी झाली त्यात जाते; आपण रोज वापरतो ते खाते हेच ते असेल, असे नाही.

रावेरच्या बहिणीला कागदांची जुळवाजुळव जास्त करावी लागली. महाराष्ट्रात उत्पन्नाची मर्यादा तीच, पण दाखला हवा. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड असले तरच त्यातून सूट. शिवाय रहिवासी असल्याचा पुरावा हवा, आणि तिचा जन्म तर बुऱ्हाणपूरचा. परराज्यात जन्मलेल्या पण महाराष्ट्रातल्या पुरुषाशी लग्न झालेल्या स्त्रीसाठी नवऱ्याचा जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला किंवा अधिवास प्रमाणपत्र चालते, या तरतुदीमुळे ती बसली. सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालेल्या ई-केवायसीतही (आधारवरून होणाऱ्या ओळख-पडताळणीत) नवऱ्याचे किंवा वडिलांचे आधार मागितले जाते. मला हे खटकते, कारण बाईच्या नावाच्या पैशासाठी पुन्हा घरातल्या पुरुषाचाच कागद शोधायचा.

अविवाहित मुलींच्या बाबतीत मात्र महाराष्ट्राचा नियम अधिक उदार आहे. तिथे विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता आणि निराधार स्त्रियांबरोबर कुटुंबातल्या एका अविवाहित मुलीलाही लाभ मिळतो. मध्य प्रदेशात लग्न झालेलेच असावे लागते. विधवा आणि परित्यक्ता त्यातच येतात. वयाची खालची मर्यादा आता दोन्हीकडे २१ आहे (मध्य प्रदेशात सुरुवातीला २३ होती), पण वरची महाराष्ट्रात ६५ आणि इकडे ६०. मावशींना अठ्ठावन्नावे लागले आहे. साठी झाली की त्यांची किस्त थांबेल, आणि त्याच वयात बहिणीची आणखी पाच वर्षे शिल्लक असतील.

राहता राहिली बदलीची गोष्ट. धाकटीच्या नवऱ्याला इंदुरात काम मिळण्याची शक्यता आहे, तेव्हा "तिचे नाव इकडे वळवता येईल ना?" असे मावशींनी परवा विचारले. नाव वळत नाही. इथे राहायला आल्यावर तिचे समग्र निघेल, पण लाडली बहनाची नोंदणी ऑगस्ट २०२३ मध्येच बंद झाली आहे. आणि महाराष्ट्राचा रहिवास सुटला की तिथल्या हप्त्यावरचा हक्कही सुटतो. मावशींनी पोळपाट पुसता पुसता हे ऐकून घेतले आणि निदान यंदाची राखी तरी तिला रावेरहूनच पाठवू दे, म्हणाल्या.