बारा व्होल्ट दाखवणारा मुका हॉर्न

जुनी ॲम्बेसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी हौसेने जपणारे लोक मराठवाड्यात अजूनही भेटतात आणि त्यांच्या तोंडी एक तक्रार हमखास असते: हॉर्न वळणावर वाजतो, सरळ रस्त्यावर मात्र मुका राहतो. गॅरेजमधला वायरिंगवाला हॉर्नची वायर काढून मीटर लावतो, मीटर १२ व्होल्ट दाखवतो, त्यामुळे वायरिंग निर्दोष ठरते आणि दोष हॉर्नच्या माथी मारून नवा हॉर्न बसवला जातो. मीटर खोटे बोलत नसतो. चूक असते ती त्याला विचारलेल्या प्रश्नात.

अशा अनेक जुन्या गाड्यांत हॉर्नला बॅटरीची प्लस बाजू कायमच मिळालेली असते आणि बटण दाबल्यावर त्याची दुसरी बाजू अर्थ होते, म्हणजे बॉडीमार्फत बॅटरीच्या मायनसशी जोडली जाते. परतीचा हा प्रवाह हॉर्नपासून वायरने स्टिअरिंग कॉलमपर्यंत येतो, तेथे चाकाबरोबर फिरणाऱ्या पितळी कडीवर टेकलेल्या पत्तीतून बटणापर्यंत चढतो आणि मग स्टिअरिंगच्या दांड्यातून, बेअरिंगमधून आणि बॉडीच्या पत्र्यातून बॅटरीच्या मायनसला पोहोचतो. या वाटेवरच्या प्रत्येक सांध्यावर रोध वाढू शकतो.

डिजिटल मल्टीमीटरचा स्वतःचा अंतर्गत रोध साधारणपणे १० मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम असतो. त्यामुळे वाटेतल्या गंजाचा रोध तब्बल एक लाख ओहम असला तरी मीटरवर ११.९ व्होल्ट दिसतात, कारण प्रवाहच नगण्य असल्याने ओहमच्या नियमानुसार गंजावर विभवांतर जवळजवळ पडतच नाही. शिट्टी वाजवून जोडणी तपासण्याची सोयही येथे फारशी उपयोगाची नाही; अनेक मीटरांची शिट्टी वीस ओहमच्या रोधालाही वाजते आणि हॉर्नला मुका करायला तेवढा रोध पुरेसा होतो.

आता खऱ्या गुन्हेगाराकडे वळू. पितळी कडी आणि तिच्यावरची पत्ती डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, परंतु सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही पृष्ठभाग खडबडीत असतात. बालाघाटची रांग उचलून अजिंठ्याच्या रांगेवर उपडी ठेवली, तर मोजकीच शिखरे एकमेकांना टेकतील. येथेही तसेच घडते आणि सगळा प्रवाह त्या मोजक्या ठिपक्यांतून जातो. स्वीडिश भौतिकशास्त्रज्ञ रॅग्नार होल्म यांनी विसाव्या शतकात या ठिपक्यांचा सखोल अभ्यास केला. दोन्ही बाजूंना एकच धातू असेल, तर एका गोल ठिपक्याचा रोध म्हणजे धातूची रोधकता भागिले ठिपक्याचा व्यास. पितळेचा ठिपका अवघ्या २० मायक्रोमीटर व्यासाचा असला, तरी हा रोध तीन-चार मिलिओहमच भरतो. म्हणजे स्पर्शाचे क्षेत्र अत्यल्प असणे हे हॉर्न मुका होण्याचे कारण नव्हे. खरे कारण ठिपक्यांवर चढलेली पुटे.

पितळेतल्या तांब्यावर ऑक्साइडचा थर चढतो. तांब्याचा हा ऑक्साइड अर्धवाहक आहे. १९२०च्या दशकात त्याचाच उपयोग करून प्रत्यावर्ती प्रवाह एकदिश करणारी उपकरणे बनवली गेली. जो पदार्थ प्रवाह अडवण्यासाठी मुद्दाम वापरला गेला, तोच आपल्या स्टिअरिंगमध्ये फुकट तयार होत असतो. त्यात इंजिनाच्या कंपनांची भर पडते. गाडी सरळ चालताना पत्ती कडीच्या एकाच जागी काही मायक्रोमीटर मागेपुढे घासत राहते, ताजा धातू उघडा पडतो, त्याचे ऑक्सिडीकरण होते आणि त्याची भुकटी तेथेच दाबून बसते. चाक वळवले की पत्ती त्या जागेवरून सरकून स्वच्छ भागावर येते आणि हॉर्न वाजतो. वळणावर वाजणाऱ्या हॉर्नचे सर्वांत संभाव्य कारण हे आहे.

पुटाचा रोध केवळ अर्धा ओहम असला तरी काय होते, ते पाहू. चार ॲम्पिअर ओढणारा हॉर्न ढोबळमानाने तीन ओहमचा धरला, तर प्रवाह ३.४ ॲम्पिअरवर येतो, हॉर्नच्या वाट्याला १०.३ व्होल्ट उरतात आणि सुमारे सहा वॅट उष्णता त्या चिमुकल्या स्पर्शबिंदूवर खर्च होते. या उष्णतेने पत्तीची स्प्रिंग ढिली पडते, दाब घटतो, आणि पुट आणखी जाड होते.

बटण उघडून पाहिले की ग्रीसमध्ये कालवलेली काळ्या मातीची धूळ कडीभोवती लेपासारखी बसलेली आढळते; पावसाळ्यात ही माती ओलावा धरून ठेवते. तिच्यात हळदीकुंकवाचे कणही सापडतात, कारण खंडेनवमीला पूजा नेमकी हॉर्नच्या बटणावर होते. पूजेला हरकत नाही, पण कुंकू बॉनेटला लावावे. बंपरला टांगलेल्या लिंबू-मिरचीचा वायरिंगला कसलाही उपयोग होत नाही. त्या लिंबाच्या रसाने निदान ऑक्साइड विरघळतो, मात्र रस धुऊन काढला नाही तर तोच पितळ खातो. सर्व दोष एका फवाऱ्यात घालवणाऱ्या महागड्या डब्यांचे कौतुकही मर्यादेतच ठेवावे. फवाऱ्याने पुट सैल होते, परंतु झिजलेली कडी भरून येत नाही.

दोष शोधण्याची योग्य रीत म्हणजे प्रवाह वाहत असताना मोजणे. हॉर्न जोडलेलाच ठेवून साथीदाराला बटण दाबून धरायला सांगावे, मीटरची काळी तार बॅटरीच्या मायनसला आणि लाल तार हॉर्नच्या परतीच्या टोकाला लावावी. अर्ध्या व्होल्टहून अधिक वाचन आले, तर लाल तार त्याच वाटेने टप्प्याटप्प्याने पुढे न्यावी: कडीची पत्ती, बटणाची अर्थची बाजू, दांडा, कॉलमची बाहेरची नळी, शेवटी बॉडी. ज्या दोन टप्प्यांदरम्यान वाचन एकदम कोसळते, त्यांच्यामध्ये दोष आहे. कडी आणि पत्ती स्वच्छ असूनही दांडा आणि नळी यांच्यात मोठा फरक दिसला, तर प्रवाह ग्रीस भरलेल्या बेअरिंगमध्ये अडतो आहे. स्टिअरिंगच्या दांड्यात रबरी कपलिंग असेल, तर त्याला वळसा घालणारी तांब्याची विणलेली पट्टी तुटली आहे का, तेही पाहावे.

कॉलम उघडण्यापूर्वी बॅटरीची मायनस तार काढावी, आणि एअरबॅग असलेल्या नव्या गाडीवर हा प्रयोग मुळीच करू नये. कडी बारीक पॉलिश पेपरने घासून, भुकटी पुसून, पत्तीचा ताण तपासल्यावर तेच वाचन पुन्हा घ्यावे. एवढे करूनही बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यातच मोठा फरक उरला, तर बॅटरीचा अर्थचा पट्टा सोडवून त्याच्या थिंबलखालचा (टोकावरच्या धातूच्या चकतीखालचा) रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडावा.