आगीशिवाय सांधलेलं सोनं

आजीच्या तन्मणीला पाणी लागू द्यायचं नाही, असा आमच्या घरी दंडकच होता. मोत्यांसाठी असेल, असं मला वाटायचं. पण तिला काळजी होती ती खोडाची, म्हणजे मधल्या जडावाच्या भागाची. तो उलटा केला तर पाठ बंद. खड्यामागे काय आहे ते दिसत नाही आणि सगळी गंमत तिथेच आहे.

हल्लीच्या अंगठीत खडा बहुधा नख्यांनी धरलेला असतो. आजीच्या खोडासारख्या कुंदनकामात नख्या नसतात. सोन्याच्या घरात लाख भरतात (तीच, किड्यांनी फांद्यांवर सोडलेली राळ), ऊब देऊन ती मऊ करतात, वर चकचकीत पत्रा आणि त्यावर खडा बसवतात. मग खड्याच्या कडेने सोन्याच्या वर्खाच्या पट्ट्या पोलादी सळईने दाबत जायचं. डाग द्यायचा नाही, म्हणजे ज्योतीने तापवून सांधायचं नाही. तरी थर असे एकजीव होतात की सांधा सापडत नाही.

सोनं वितळायला १०६४ अंश सेल्सिअस लागतात, मग हे जुळतं कसं? तांब्यावर हवेतला ऑक्सिजन लगेच पातळ साय धरतो, म्हणून त्याचे दोन पत्रे नुसते दाबून सहसा जुळत नाहीत. सोन्यावर ती साय धरत नाही. मऊ सोनं दाबाखाली पसरतं, अणूला अणू भिडतो आणि एका पत्र्याच्या आत असतो तोच बंध दोन पत्र्यांमध्ये तयार होतो.

अट एकच, सोनं बावनकशी हवं. २२ कॅरटमध्ये बारावा हिस्सा इतर धातूंचा असतो. तेवढ्यानेही सोनं कडक होतं आणि तांबं असेल तर सायही धरते. म्हणून आधी शुद्धीकरण. सोन्याचे पातळ पत्रे मिठासारख्या क्षारांत आणि विटांच्या भुकटीत तापवले, की क्षारांतलं क्लोरीन चांदीला ओढून नेतं. मिठाच्या अशा ‘सलोनी’ पद्धतीचं वर्णन सोळाव्या शतकाअखेरच्या ऐन-ए-अकबरीत आहे.

जाळ नाही म्हणूनच आतून भेगाळलेला पाचू सुखरूप बसतो. मुघलांच्या कारागिरांनी तर जेड या कठीण दगडाच्या अंगठ्यांत आणि खंजिरांच्या मुठींत याच युक्तीने रत्नं जडवली. मीनाकारीचं काम मात्र आधी उरकावं लागतं, कारण मिन्याची काच भट्टीतच वितळते.

राहिला खड्याखालचा चकचकीत पत्रा. आजचा हिरा अशा कोनांत कापतात की आत शिरलेला बराचसा उजेड पुढूनच परततो. जुना पोलकी, म्हणजे पैलू न पाडलेला हिरा चपटा, त्यातून उजेड सरळ मागे निसटतो. पत्रा त्याला परत पाठवतो. माणकाखाली रंगीत पत्रा घालून फिकट खडा गडद दाखवण्याची चालही होती. मला ती लबाडी वाटत नाही, कारागिरीच वाटते. पण चांदीच्या पत्र्यापर्यंत ओल आणि हवा पोचली, की हवेतल्या गंधकाच्या संयुगांनी तो काळवंडतो.

आजी गेल्यावर खोडाची कडी तुटली, म्हणून ते एका पेढीवर डाग द्यायला दिलं. ज्योत लागताच आतली लाख खदखदली आणि खडा टप्पकन तबकात पडला. त्यामागून निघालेला पत्रा काळाठिक्कर होता. आजीच्या नकळत, किंवा तिच्याही आधी, कुणीतरी तन्मणी धुतला असावा.